गाऱ्हाणं घालायला जागा

(महाविद्यालयीन विद्यार्थी, ताण आणि अध्यात्म या विषयावर दिलेल्या स्मृती व्याख्यानाचा संपादित पाठ)



मागे दाराशी उभे असलेले विद्यार्थी आधी पुढे या. पहिल्या दोन रांगा रिकाम्या आहेत. पुढे बसलं की प्रश्न विचारतात, हा तुमचा वर्गातला अनुभव असेल. आज प्रश्न तुम्ही विचारायचे आहेत.

ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते आमचे सर देव मानत नव्हते. सत्यनारायणाचं आमंत्रण आलं की प्रसादाच्या वेळेला बरोबर पोचायचे आणि म्हणायचे, "शिऱ्याशी माझा वाद नाही." अशा माणसाच्या नावाने उभं राहून अध्यात्मावर बोलायचं हे मला जरा अवघड वाटलं. संयोजकांकडून मी दोन दिवस मागून घेतले. मग लक्षात आलं, की या विषयातलं मला जे थोडंफार कळलं ते सरांमुळेच कळलं. म्हणून सुरुवात त्या प्रसंगापासूनच करतो.

तीसएक वर्षांपूर्वीची गोष्ट. मी संस्थेच्या वसतिगृहाचा रेक्टर होतो. दिवसा मानसशास्त्र शिकवायचो आणि रात्री त्याचा काही उपयोग होतो का ते पाहायचो. वसतिगृहाच्या मागे मारुतीचं एक बसकं देऊळ होतं. परीक्षेआधीच्या शनिवारी तिथे रुईच्या माळांचा ढीग पडायचा आणि निकालानंतर मारुती पुन्हा एकटा. एका रात्री साडेअकराला फेरी मारताना देवळाच्या पायरीवर एक मुलगा बसलेला दिसला. परभणीकडचा. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता, पण घरच्यांच्या हिशेबाने तिसऱ्या. वायडी लागलं होतं, म्हणजे वर्ष वाया गेलं होतं. दोन महिने झाले, घरी सांगितलेलं नव्हतं. वडील दर महिन्याला मनीऑर्डर पाठवत होते आणि तिच्या खालच्या चिठोऱ्यावर 'तब्येत सांभाळ' एवढंच लिहीत होते. ते चिठोरे त्याने वहीत जपून ठेवले होते.

मी मला येत होतं ते सगळं त्याच्यापुढे ओतलं. दीर्घ श्वास घे, मन शांत ठेव, सकाळी लवकर उठून सूर्यनमस्कार घाल. त्याने नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सर, शांत होऊन काय करू? बाबांना सांगायचं तर राहतंच ना."

मला उत्तर सुचलं नाही. आजचं व्याख्यान म्हणजे त्या पायरीवर राहून गेलेलं उत्तर आहे, असं समजा.

दाव्याला ताण असतो, तंबूच्या दोरीला असतो, तंबोऱ्याच्या तारेला असतो, हे आपल्या आजोबांनाही माहीत होतं. माणसाला ताण असतो ही बोलण्याची रीत मात्र गेल्या शतकातली. हान्स सेल्ये या शास्त्रज्ञाने १९३६ साली 'नेचर' या नियतकालिकात एक छोटं टिपण छापलं. उंदरांना थंडीत ठेवा, जखम करा, औषध टोचा. आघात निरनिराळे असले तरी शरीराची प्रतिक्रिया बरीचशी एकाच साच्याची असते, असं त्याचं निरीक्षण होतं. त्यातूनच पुढे 'स्ट्रेस' हा शब्द जगभर गेला. आपल्याकडे तो ताण झाला, आणि वसतिगृहात येईपर्यंत त्याचं टेन्शन, लोड आणि फ्रस्ट्रेशन झालं.

उंदराचं ठीक आहे. पण एकाच केटीने, म्हणजे राहिलेल्या विषयाने, दोन मुलं वेगवेगळी का हलतात? रिचर्ड लॅझरस आणि सुझन फोकमन यांनी १९८४ सालच्या आपल्या पुस्तकात याची चांगली फोड केली आहे. संकट समोर आलं की माणूस मनातल्या मनात दोन हिशेब करतो. यात माझं काय पणाला लागलंय, हा पहिला. आणि माझ्या हाताशी काय आहे, हा दुसरा. ज्याच्या बापाचं गावात दुकान आहे, त्याला केटी म्हणजे सहा महिने. ज्याच्या फीसाठी बहिणीच्या लग्नाचे पैसे मोडले आहेत, त्याला तीच केटी म्हणजे घरात तोंड दाखवायला जागा नाही. विषय तोच, पेपर तोच, गुणही तेच.

अध्यात्म या दोन्ही हिशेबांत शिरतं. पणाला काय लागलंय याचं माप ते बदलतं: परीक्षेत नापास झालो म्हणजे माणूस म्हणून नापास झालो का? आणि हाताशी काय आहे या यादीत ते एक नाव वाढवतं. त्या नावाचं पुढे काय करायचं, यावर सगळा खेळ अवलंबून असतो.

अमेरिकेत केनेथ पार्गामेंट नावाचे मानसशास्त्रज्ञ आहेत. धर्म आणि संकटाला तोंड देणं या विषयात त्यांनी हयात घालवली. १९८८ साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी देव मानणाऱ्या माणसांच्या तीन तऱ्हा सांगितल्या. मी त्या माझ्या शब्दांत सांगतो. पहिली तऱ्हा: देवाने हातपाय दिलेत, आता माझं मी बघतो. दुसरी: सगळं त्याच्यावर सोडलंय, तो बघेल. आणि तिसरी: आम्ही दोघं मिळून बघतो. तुमच्या वर्गात या तिन्ही तऱ्हांची मुलं सापडतील. सबमिशनच्या आदल्या रात्री जर्नल कोरं ठेवून देवळात जाणारा दुसऱ्या तऱ्हेचा. पार्गामेंट यांच्या अभ्यासात 'तो बघेल' म्हणणाऱ्यांचा स्वतःच्या कुवतीवरचा विश्वास कमी दिसला आणि 'दोघं मिळून' म्हणणाऱ्यांचा जास्त. पण दुसऱ्या तऱ्हेला एवढ्यावरून हसू नका. जिथे खरोखरच हातात काही उरत नाही, म्हणजे पेपर देऊन झालाय आणि निकाल लागायचाय, किंवा आई अतिदक्षता विभागात आहे, तिथे सोडून देता येणं हीच मोठी ताकद ठरू शकते. कधी धरायचं आणि कधी सोडायचं हे कळणं महत्त्वाचं.

महाविद्यालयीन वयाच्या मुलांवर या विषयातली एक फार मोठी पाहणी लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातून झाली. अलेक्झांडर आणि हेलन अ‍ॅस्टिन या दांपत्याने २००४ साली २३६ महाविद्यालयांतल्या १,१२,२३२ नवागत विद्यार्थ्यांना प्रश्नावली दिली आणि २००७ साली त्यांतल्या १४ हजारांहून अधिक जणांना पुन्हा गाठलं. तीन वर्षांत प्रार्थनास्थळी जाणं कमी झालं होतं. जीवनाचा अर्थ काय, मी कुणाच्या उपयोगी पडतो, असले प्रश्न मात्र वाढले होते. 'समत्व' म्हणता येईल असा एक गुणही त्यांनी मोजला. तो ज्यांच्यात वाढला, त्यांच्या बाबतीत ध्यान, आत्मचिंतन आणि दुसऱ्यांसाठी केलेलं काम या गोष्टी सोबत दिसल्या. पाहणी अमेरिकेतली आहे, तिथलं कॉलेज वेगळं, घर वेगळं. तरी पुण्यात शिकायला आलेल्या मुलीच्या खोलीत डोकावून पाहा. आईने दिलेली अन्नपूर्णा कपाटात मागे गेलेली असते आणि रात्री दोन वाजता मैत्रिणीशी चाललेलं बोलणं 'हे सगळं आपण कशासाठी करतोय' इथवर पोचलेलं असतं. देवळातली हजेरी कमी झाली म्हणून प्रश्न संपत नाहीत.

इथवर सगळं गोड आहे. आता कडू भागाकडे येतो.

१९९८ साली पार्गामेंट यांनी आणखी एक अभ्यास मांडला. त्यात ओक्लाहोमा सिटीच्या बॉम्बस्फोटाजवळच्या चर्चमधले लोक होते, रुग्णालयातले वृद्ध होते आणि ५४० महाविद्यालयीन विद्यार्थीही होते. त्यांना श्रद्धेचे दोन चेहरे दिसले. एक आधाराचा: देव सोबत आहे, यातून काही शिकायचंय, लोक मला धरून आहेत. दुसरा झगड्याचा: देवाने मला टाकलं, ही माझ्या पापाची शिक्षा आहे, त्याला माझी पर्वा नाही. दुसरा चेहरा ज्यांच्याकडे अधिक, त्यांच्याकडे मनाचा त्रासही अधिक. पुढे आजारी वृद्धांच्या अभ्यासात या झगड्याचा संबंध मृत्यूशीही आढळला. यावरून कुणी घाईने म्हणेल, की मग मुलांना देवावर रागावू देऊ नका, प्रश्न विचारू देऊ नका. पण त्या वृद्धांच्या २००४ सालच्या पाठपुराव्यात एक बारीक गोष्ट निघाली. झगडा येऊन गेला त्यांचं फारसं बिघडलं नव्हतं. जे त्या झगड्यातच अडकून राहिले, त्यांची प्रकृती ढासळली.

मग माणूस अडकतो कधी? ज्युली एक्सलाइन या संशोधिकेने देवावरच्या रागावरच काम केलं आहे. तिला दिसलं ते असं: देवावर राग येणं ही मुळीच दुर्मीळ गोष्ट नाही. राग आणि प्रेम एकाच मनात नांदतात, घरच्या माणसांच्या बाबतीत नांदतात तसेच. पण हा राग सांगायची लाज वाटते. आणि तक्रार करणं वेगळं, नातं तोडणं वेगळं, हा फरक साध्या माणसांनाही कळतो. लाजेमुळे तक्रार गिळली जाते, आणि गिळलेली तक्रार माणसाला एकाच जागी बसवून ठेवते. परभणीचा तो मुलगा दोन महिने तसाच बसून होता.

इथे मला माझ्या गावाची आठवण येते. मी मालवणकडचा. आमच्याकडे देवासमोर 'गाऱ्हाणं घालतात'. देशावर गाऱ्हाणं म्हणजे तक्रार. सासूचं गाऱ्हाणं, शेजाऱ्याचं गाऱ्हाणं. कोकणात गाऱ्हाणं म्हणजे प्रार्थनासुद्धा. एकाच शब्दात तक्रार आणि प्रार्थना नांदतात, ही मला आपल्या भाषेची मोठी समजूत वाटते. सातेरीच्या किंवा रवळनाथाच्या देवळात जत्रेला, शिमग्याला गावकरी जमतात. गुरव किंवा मानकरी पुढे उभा राहतो आणि देवाला नावानिशी हाक मारून एकेक गोष्ट सांगत जातो. अमक्याचं पोर मुंबईला गेलंय, त्याला सांभाळ. तमक्याच्या घरात आजारपण सरत नाही, ते बघ. काही चुकलं असेल तर पदरात घे. आणि प्रत्येक वाक्याला मागून सगळा गाव एका आवाजात म्हणतो, "व्हय म्हाराजा!"

लहानपणी मला वाटायचं, हे 'व्हय' देवासाठी आहे. आता वाटतं, ते निम्मं तरी ज्याचं दुखणं सांगितलं जातंय त्याच्यासाठी आहे. तुझं ऐकलं. सगळ्यांनी ऐकलं. तुझ्या घरातली गोष्ट आता गावाची झाली. या विधीत कुणी उपदेश करत नाही. कुणी म्हणत नाही, की तूच कुठेतरी कमी पडला असशील.

घाटावर ही परंपरा अभंगांत गेली. तुकोबांना आपण शांत, गंध लावलेले, डोळे मिटलेले असे चित्रांत पाहतो. पण १६३०च्या सुमाराच्या दुष्काळात त्यांचा धंदा बुडाला, पहिली बायको अन्नावाचून गेली. त्यानंतरची त्यांची वाणी उघडून पाहा. विठ्ठलाशी उभा दावा आहे. हिशेब मागणं आहे, टोमणे आहेत, रुसणं आहे. वह्या इंद्रायणीत गेल्या तेव्हा तुकोबा तेरा दिवस काठावर धरणं धरून बसले, असं परंपरा सांगते. धरणं धरायला समोर कुणीतरी लागतं. जनाबाई तर विठोबाला चक्क शिव्या घालते, आणि तिच्या कथांत तोच विठोबा तिच्याबरोबर दळायला बसतो. शिव्या खाऊनही जात्याला हात लावणारा देव ज्या समाजाने कल्पिला, त्या समाजातल्या मुलाला 'देवावर रागावू नये' असं आपण कुठल्या तोंडाने शिकवतो?

एक आक्षेप मात्र मी टाळणार नाही. गाऱ्हाणं घातलं, मन हलकं झालं; पण ज्यामुळे गाऱ्हाणं घालावं लागलं ते तसंच राहिलं तर? चोखोबांचं गाऱ्हाणं आठवा. त्यांना देवळाच्या आत जाता येत नव्हतं. त्यांची समाधीही महाद्वारासमोर पायरीशीच आहे. त्यांनी जे सोसलं, त्यावर दीर्घ श्वास हा उपाय नव्हता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ साली अस्पृश्यांवरचा आपला ग्रंथ ज्या तीन संतांच्या स्मृतीला अर्पण केला, त्यांत चोखामेळा होते. पण संतांचं सारं लक्ष माणूस आणि देव यांच्या नात्यावर राहिलं, माणूस आणि माणूस यांच्यातला लढा त्यांनी हाती घेतला नाही, ही परखड टीकाही बाबासाहेबांचीच. १९४७च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपूरला उपोषण केलं आणि मग ते देऊळ दलितांसाठी उघडलं. चोखोबांच्या गाऱ्हाण्याला माणसांकडून 'व्हय' मिळायला सहा शतकं लागली. आणि ते वेळेत आलं नाही म्हणूनच १४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात लाखो लोकांनी बौद्ध धम्माचा नवा मार्ग धरला. संकटात माणूस कधी आपल्या श्रद्धेला चिकटतो, तर कधी श्रद्धाच बदलतो. संकटाला तोंड देण्याच्या रीतींचा अभ्यास करणारे धर्मांतरालाही त्यांत धरतात. आपल्या इतिहासात त्याचं याहून मोठं उदाहरण नाही.

हे विद्यार्थ्यांच्या संदर्भात का सांगतो? कारण मुलांचा सगळा ताण मुलांच्या मनात तयार होत नाही. शिष्यवृत्तीचे पैसे वर्ष संपल्यावर येतात. पहिलीपासून दहावीपर्यंत मराठीत शिकलेली मुलगी अकरावीत पहिल्याच तासाला इंग्रजीच्या पुरात पडते. आडनाव विचारून झाल्यावर मेसमधली बाकं बदलतात. अशा वेळी कॉलेजने योगशिबिर भरवायचं आणि हात झटकायचे, हा अध्यात्माचा उपयोग नाही, आडोसा आहे. ज्या तक्रारीची जागा प्राचार्यांच्या टेबलावर आहे, ती देवघरात पाठवू नये.

आता थोडं शांततेच्या बाजाराबद्दल. हल्ली मोबाइलवर ध्यानाची अ‍ॅप्स आहेत. शांतता महिन्याच्या वर्गणीवर मिळते. मी त्याची टिंगल करणार नाही. १९७९ साली जॉन कबाट-झिन यांनी अमेरिकेतल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात ध्यानावर आधारलेला ताण-निवारण कार्यक्रम सुरू केला. त्याआधी १९७६पासून आपल्या इगतपुरीत सत्यनारायण गोएंकांनी विपश्यनेची दहा दिवसांची शिबिरं चालवली होती. या दोन्हींनी अनेकांचं भलं केलं आहे. पण इंग्लंडमधले दोन प्रयोग शेजारी ठेवून पाहा. केंब्रिज विद्यापीठात ६१६ विद्यार्थ्यांनी आपणहून नाव नोंदवलं. त्यांतल्या निम्म्यांना आठ आठवड्यांचा सजगतेचा, म्हणजे माइंडफुलनेसचा, वर्ग मिळाला आणि परीक्षेच्या काळात त्यांचा त्रास इतरांपेक्षा कमी राहिला. तो अहवाल २०१८चा. दुसरा २०२२चा, शाळकरी मुलांवरचा. ऐंशीहून अधिक शाळा, आठ हजारांवर मुलं, आणि सजगता वेळापत्रकात घातलेली. नेहमीच्या शिकवण्यापेक्षा तिचा जास्त फायदा दिसला नाही. बहुतेक मुलांनी घरी तो सराव केलाच नव्हता. वयं वेगळी आहेत, तेव्हा तुलना जपून करायला हवी. तरी मला एवढं दिसतं, की स्वतः चालत गेलेल्याला ध्यान फळतं आणि तासिका म्हणून वाढलेलं पानात उरतं.

बुद्धांच्या संघात सोण नावाचा एक तरुण होता. श्रीमंत घरातला, अतिशय हट्टी साधक. चालत ध्यान करताना त्याचे तळवे फुटून रक्त आलं, तरी मनाजोगती प्रगती होईना. सरळ घरी जावं, असं त्याच्या मनात आलं. आजच्या भाषेत, तो ड्रॉप घ्यायच्या बेतात होता. बुद्ध स्वतः त्याच्याकडे गेले आणि त्याला विचारलं, की तू घरी असताना वीणा वाजवायचास ना? तारा फार ताणल्या की कशी वाजायची? आणि फार ढिल्या ठेवल्या तर? वीणेची ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल, आणि ऐकताना सगळ्यांचं लक्ष तारेकडे जातं. माझं लक्ष त्याआधीच्या दोन गोष्टींकडे जातं. गुरू उठून शिष्याकडे गेला. आणि शिष्याला जे येतं, त्याच्या हातात जी कला आहे, तिथून बोलायला लागला. मी त्या रात्री पायरीवर बसलेल्या मुलाशी मला येत असलेल्या गोष्टीपासून सुरुवात केली होती.

वारीतही माणसाला तो जसा आहे तसाच धरलं जातं, म्हणून ती तरुणांना ओढते. आषाढ म्हणजे प्रवेशाच्या याद्या लागायचा, कटऑफचा महिना. त्याच दिवसांत आळंदीहून पंढरपूरला सुमारे अडीचशे किलोमीटर लोक चालतात. राष्ट्रीय सेवा योजनेची मुलं निर्मलवारीच्या निमित्ताने पालखीमार्गावर जातात. गेल्या काही वर्षांत कितीतरी जण परतल्यावर मला सांगतात, "सर, आठ दिवस कुणी टक्के विचारले नाहीत." समोरच्याचं नाव, गाव, गुण काही माहीत नसताना त्याला 'माऊली' म्हणायचं, आणि त्यानेही आपल्याला. वर्षभर ज्याची किंमत गुणपत्रिकेवर ठरत असते, त्या मुलाला ही हाक काय देत असेल याचा विचार करा. तिथे पाय दुखतात आणि ते सगळ्यांसमोर दुखतात. कुणीतरी तेल आणून देतं.

आणि ज्यांचा देवावर विश्वास नाही, त्यांचं काय? आमच्या सरांचं काय? अध्यात्म हा शब्द त्यांना जड वाटत असेल तर त्यांनी तो खुशाल वगळावा. आपल्यापेक्षा मोठ्या कशाशी तरी आपण बांधलेले आहोत, ही जाणीव हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर पोटावर पडून खाली पाहताना येते, रक्तदान शिबिरात खुर्च्या मांडताना येते, पहाटे रियाजाला बसल्यावर येते. आगरकरांनी देवाविना नीतीने जगून दाखवलं. त्यांना आधार नव्हता असं म्हणण्याची कुणाची छाती आहे?

आता काही स्पष्ट सूचना. हे व्याख्यान छापलं जाणार आहे, म्हणून त्या ठळक बोलतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. राज्यांमध्ये महाराष्ट्राचा आकडा सर्वांत मोठा होता: १,७६४. हा प्रश्न नवसाने सुटणारा नाही. ज्या मुलाची झोप आठवडेच्या आठवडे उडाली आहे, जेवण तुटलंय, जगण्यात राम नाही असं जो बोलतो, त्याला आधी डॉक्टरांकडे न्या आणि मग देवळात. औषधं चालू असतील तर कुणा महाराजांच्या सांगण्यावरून बंद करू नका. 'मागच्या जन्मीचं भोगतोयस', 'साधना कमी पडली' ही वाक्यं दुखऱ्या मुलाच्या कानावर पडू देऊ नका. मघाशी सांगितलेला श्रद्धेचा दुसरा चेहरा याच वाक्यांनी घडतो. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५मध्ये दिलेल्या निर्देशांनुसार शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थांना प्रशिक्षित समुपदेशक नेमायचा आहे. आपल्या कॉलेजात तो आहे का, हे उद्या सकाळी विचारा. केंद्र सरकारची टेलि-मानस ही सेवा ऑक्टोबर २०२२पासून चालू आहे. तिचा क्रमांक १४४१६. फोन फुकट आहे, रात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं. इथे बसलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याने तो आत्ता मोबाइलमध्ये घालून ठेवावा. स्वतःसाठी नको असेल, तर शेजारच्या खोलीसाठी.

आता पायरीवर परत जाऊ.

मला काही सुचेना, तेव्हा मी सरांच्या घरी गेलो. ते निवृत्त झाले होते, आवाराच्या पलीकडेच राहायचे. बारा वाजत आले होते. सरांनी अंगात सदरा अडकवला, बॅटरी घेतली आणि माझ्याबरोबर आले. मारुतीकडे पाठ करून त्या मुलाच्या शेजारी पायरीवर बसले. त्याला काही विचारलं नाही. बऱ्याच वेळाने तो मुलगा बोलायला लागला. मनीऑर्डर, बहीण, विहिरीला न लागलेलं पाणी, गणिताचा पेपर. सर मध्ये बोलले नाहीत. प्रत्येक वाक्यानंतर फक्त "हं" म्हणायचे. कधी लांब, कधी अगदी हळू. मी बाजूला उभा राहून ऐकत होतो. आणि अचानक मला मालवणच्या देवळातला तो सगळा गाव आठवला.

मुलाचं बोलून संपलं तेव्हा सर म्हणाले, "बाबांना सांगायचंय ना? परवा रातराणीने जाऊ. मी येतो बरोबर. तू सांग, मी तिथे बसतो." आणि गेले. माझ्या माहितीप्रमाणे परभणीच्या त्या घरातही ते जवळजवळ काहीच बोलले नाहीत. मुलाचं वर्ष गेलं ते गेलंच. वडील दोन दिवस बोलले नाहीत, तिसऱ्या दिवशी त्यांनी त्याला एसटीत बसवून दिलं. पुढच्या महिन्यात मनीऑर्डर आली. चिठोऱ्यावर तेच लिहिलं होतं: तब्येत सांभाळ.

परतल्यावर मी सरांना म्हणालो, "सर, तुम्ही देव मानत नाही, आणि रात्री बाराला देवळाच्या पायरीवर जाऊन बसलात." सर म्हणाले, "पोरगं तिथे बसलं होतं ना."

मित्रहो, तुमच्यातल्या प्रत्येकाच्या मनात गाऱ्हाणं आहे. ते कुणाला घालायचं, विठोबाला, बुद्धाला, येशूला, अल्लाला, आईला, की समुपदेशकाला, हे तुमचं तुम्ही ठरवा. पण ते गिळू नका. आणि जे तुमच्याहून वयाने मोठे आज इथे बसले आहेत, त्यांना माझी विनंती आहे, की घरी गेल्यावर मुलाने तोंड उघडलं तर श्वास घ्यायला शिकवू नका. थोडा वेळ फक्त शेजारी बसा, आणि जमलं तर मालवणी शिका. दोनच शब्द पुरतात.